वरच्या अर्ध्यात

काचेवर मार्करची एक आडवी रेघ.
रेघेच्या वर, रेघेच्या खाली –
एवढंच मोजायचं सहा मिनिटं,
नव्या टाकीत सोडलेला मासा
किती सेकंद वर आला.

मासे करंगळीच्या दोन पेरांएवढे,
अंगावर दुरेघी वहीच्या निळ्या रेघा.
गोड्या पाण्याचे. कोल्हापूरहून पिशवीतून येतात,
आंबा घाटात एसटी हेलकावली की दोन-चार दगावतात.
आईला फोटो दाखवला तर म्हणाली,
"हे कोण खानार गो?"
म्हटलं, खायचे नाहीत. यांना उदास करायचंय.
तिने डोक्यावरची पाटी खाली ठेवली.
"मासली ताजी असते नायतर शिळी.
उदास कशी असंल?"

त्याची रीत आहे.
चौदा दिवस, दिवसातून दोनदा त्रास:
जाळीने पाठलाग,
पाठ उघडी पडेल इतकं कमी पाणी,
एका चंबूत दहा जण,
मध्येच गार, मध्येच कोमट.
आणि वेळ ठरलेली नको, सर म्हणतात,
ठरलेल्या त्रासाची सवय होते.
म्हणून रोज सकाळी मी चिठ्ठ्या काढते
बिस्किटाच्या डब्यातून.

हरेश्वरच्या चिठ्ठ्या कोणी काढल्या, माहीत नाही.
माझा भाऊ. मिरकरवाड्याच्या बोटीवर तांडेल.
आधी इंजिन बसलं.
मग डिझेलचा परतावा अडकला.
मग शांत दिवस, इतके शांत की आम्ही दाराला रंग दिला.
मग जयगडच्या बाहेर
एक खलाशी पाण्यात गेला, नेपाळचा पोर,
त्याला पोहता येत नव्हतं
आणि हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं.
तेव्हापासून हरेश्वर माजघरात असतो.
भिंतीकडे तोंड.

एकदा मी वहीत लिहिलं: मासा क्र. १९, खिन्न.
सरांनी खोडलं.
लिही, वरच्या अर्ध्यात बारा सेकंद.
खिन्न आपण असतो. मासा फक्त खाली असतो.
बरोबरच आहे ते.
तरी एकोणीस नंबर तळाशी, कोपऱ्यात,
कल्ले तेवढे हलतायत,
आणि मी पेन धरून उभी
साखरतरच्या माजघरात.

मग औषध. पांढरी पूड,
वजनकाट्याची काच लावून, श्वास धरून तोलायची,
पंख्याच्या वाऱ्याने उडेल इतकीच.
ज्या मंगळवारी सिव्हिलमध्ये
हरेश्वरला गोळ्यांची पट्टी मिळाली,
मी मागचं नाव वाचलं
आणि पुन्हा वाचलं.
आईने विचारलं, कसली?
झोपेची, म्हटलं.
काय सांगणार तिला –
हिच्यावर माझे अठरा मासे वर आले,
सहा आलेच नाहीत,
आणि का, ते सरांनाही माहीत नाही.

वर आलेल्यांनाही शेवटी
बर्फाच्या पाण्यात सोडतात.
मेंदू हवा असतो. मोहरीएवढा.
बर्फ त्याच कारखान्यातून येतो, जिथून आईचा येतो,
तसल्याच ओल्या गोणपाटात.
त्या दिवशी मी नुसता भात घेते.
आई काही विचारत नाही,
वाटीत कोकमाचं सार ओतते.

काल संध्याकाळी तो पडवीत आला.
कोणी बोलावलं नव्हतं.
खांबाला टेकला. खाडीकडे बघितलं.
होडीवरून मुदस्सरने हात केला,
याने नाही केला.
दांडीवरचा टॉवेल काढला,
झटकला, परत दांडीवरच टाकला.
नको नको म्हणताना
माझी नजर घड्याळाकडे गेली.
चार मिनिटं, अकरा सेकंद.
मग तो आत गेला.

वहीत हे नाही.
मी दार लोटायला उठले
तर आई विळीवरून मान न उचलता म्हणाली,
"ऱ्हाव दे उघडंच."